अर्धा चेहरा परत मिळवताना

मंगळवारी सकाळी चूळ भरली, तर पाणी तोंडात थांबेना. ओठ मिटलेले आहेत असं मला वाटत होतं, आणि डाव्या कोपऱ्यातून पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळत होतं. पुन्हा भरली, पुन्हा तेच. झोपेत गाल दाबला गेला असेल, असं म्हणून मी तोंड धुतलं. साबण डोळ्यात गेला. डावा डोळा मिटलाच नव्हता, पण तेही माझ्या ध्यानात आलं नाही.

मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते. रायपूरच्या एका मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका. माहेर वर्धेचं, सासर अमरावतीचं आणि संसार चौबे कॉलोनीत. माझे यजमान उरल्याच्या एका रोलिंग मिलमध्ये स्टोअर सांभाळायचे. एकच मुलगी, गौरी, माझ्याच शाळेत नववीत होती. छत्तीसगड वेगळं होऊन जेमतेम वर्ष झालं होतं, आणि त्या वर्षी आमच्या राज्याचा मुलींचा खो-खो संघ पहिल्यांदा स्वतःच्या नावानं शालेय राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होता. तोवर निवड व्हायची ती भोपाळला. आमच्या मुली तिथे जायच्या, दोन दिवस राहायच्या आणि परत यायच्या. या संघाची प्रशिक्षक म्हणून माझं नाव लागलं होतं. वीस वर्षं मैदानाची धूळ खाल्ल्यावर लागलं होतं.

आदल्या संध्याकाळी कानामागे ठणकत होतं. शाळेची घंटा डाव्या कानात नको तेवढी मोठी वाजली होती. दोन्ही गोष्टी मी उन्हावर ढकलल्या होत्या.

त्या सकाळी प्रार्थनेच्या वेळी शिटी ओठांत धरली आणि फुंकली. नुसतं फुस्स झालं. पहिल्या रांगेतल्या मुली हसल्या. मीही हसले असणार, कारण मला पाहून त्या एकदम गप्प झाल्या.

बडी मॅडम

मुख्याध्यापिका मिश्रा मॅडमना सगळी शाळा बडी मॅडम म्हणायची. त्यांचे वडील अर्धांगानं गेले होते. त्यांनी मला हाताला धरून ऑफिसात नेलं.

"वंदना, दाँत दिखाओ. अब दोनों हाथ ऊपर करो. चलके दिखाओ."

हात वर झाले. पाय नीट पडले. त्या तरी थांबल्या नाहीत. "डॉक्टर तय करेगा क्या है. हम-तुम नहीं," असं म्हणून त्यांनी मला ऑटोत बसवलं. पर्स नाही, चप्पल मैदानावरचीच. मी म्हणत होते, "मॅडम, आठवीचा तास आहे माझा." ते 'मॅडम' सुद्धा नीट निघेना. म हे अक्षर दोन्ही ओठ टेकल्याशिवाय होत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

दवाखान्यात तपासणाऱ्या डॉक्टरांनी भुवया वर करायला सांगितल्या, डोळे घट्ट मिटायला सांगितले, गाल फुगवायला सांगितले. हातापायांची ताकद पाहिली. मग खुर्चीत मागे टेकून विचारलं, "कब से?"

"आज सुबह से."

"आज? आज ही आ गईं?" त्यांना खरोखर आनंद झाल्यासारखा वाटला. मला त्या आनंदाचा रागच आला.

ते म्हणाले, मेंदूचा झटका नाही. त्यात बहुतेक वेळा कपाळ वाचतं, तुमची कपाळाची डावी बाजूही सपाट झाली आहे. चेहऱ्याची नस कानामागच्या हाडातल्या एका अरुंद बोगद्यातून येते, ती तिथे सुजली आहे. सूज उतरवायचं औषध पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू झालं तर त्याचा उपयोग सगळ्यात जास्त. लोक येतात पंधरा दिवसांनी, सगळे उतारे करून झाल्यावर.

"ठीक हो जाएगा?" मी विचारलं.

माझ्या बाबतीत दोन गोष्टी चांगल्या आहेत, असं ते म्हणाले. एक, मी लगेच आले. दुसरी, माझा ओठ अगदी केसभर का होईना, हलत होता, म्हणजे नस पूर्ण बंद पडलेली नव्हती. तेवढ्यात नर्सनं रक्ताचा कागद आणला, आणि तिसरी गोष्ट कळली. मला मधुमेह होता. किती दिवसांपासून, देव जाणे. रोज मैदानावर पळणाऱ्या बाईला साखर असते का, असं मीच लोकांना म्हणत आले होते.

साखर वाढलेली असली की नस सावरायला वेळ लागतो, आणि सूज उतरवणारं औषध साखर आणखी वाढवतं. म्हणून मला भरती करून घेतलं.

दुपारी हे धावत आले. भुवयांवर मिलची लाल धूळ तशीच होती. "काहून फोन नाही केला व मले?" दारातूनच ओरडले. मग माझ्याकडे पाहिलं, आणि खाटेच्या कडेवर टेकले.

वॉर्डातले सहा दिवस

पहाटे बोटाला सुई, साखर. चहा, बिनसाखरेचा आणि अर्धा उशीवर सांडलेला. गोळ्या. दर तासाला डाव्या डोळ्यात थेंब. जेवताना घास गाल आणि दात यांच्या मधे जाऊन बसायचा, तो बोटानं काढायचा. डाव्या बाजूनं चव लागत नसे, वरण म्हणजे कोमट पाणी. झोपताना डोळ्यात मलम घालून पापणी चिकटपट्टीनं बंद करायची.

डोळ्याच्या बाबतीत डॉक्टर अगदी कडक होते. "चेहरा तीन महीने बाद भी लौटेगा. आँख सूखकर ज़ख़्मी हो गई तो वो नहीं लौटेगी." माझ्यासारख्या रोग्याला मी आजही पहिली गोष्ट हीच सांगते. तोंड वाकडं झालंय म्हणून आपण तोंडाकडे बघत बसतो आणि डोळा तसाच उघडा राहतो.

शेजारच्या खाटेवर बिसाहिन नावाची बाई होती. तिल्द्याकडची, माझ्याच वयाची. तिचीही डावीच बाजू. मात्र ती एकविसाव्या दिवशी आली होती. तोवर बैगा, म्हणजे गावचा मांत्रिक, झाला होता, गळ्यात ताईत झाला होता, गालावर कसलासा गरम लेप लावून कातडी भाजून झाली होती. डोळा लाल होऊन दुखायला लागला तेव्हा नवऱ्यानं आणलं.

"तैं ओही दिन आ गेस बहिनी?" तिनं मला विचारलं. तू त्याच दिवशी आलीस?

"हव," मी म्हटलं.

"मोला कोनो नइ बताइस," ती म्हणाली. मला कुणी सांगितलंच नाही. तक्रारीचा सूर नव्हता त्यात. मला मात्र ते वाक्य लागलं. माझ्यात नि तिच्यात फरक एवढाच होता की मला ऑफिसात ओढून नेणारी एक बाई होती.

कबुतर

सातव्या दिवशी घरी आले. दुसऱ्या दिवशी माझी नणंद मालूताई पंडरीहून आली. सोबत तारेची पिशवी, पिशवीत काहीतरी फडफडत होतं.

"घाबरू नको व वंदना. जंगली कबुतर हाय. याचं रक्त चोळलं का आठ दिवसांत तोंड सरळ. आमच्या बाजूच्या शेठचं झालं न!"

आमच्या घरात अंडं आणलेलं नाही कधी. मी नको म्हणायला तोंड उघडलं, पण 'नको' नीट निघेपर्यंत मालूताईनं पिशवीची गाठ सोडलीही होती. कबुतर उडालं. ट्यूबलाइटवर आपटलं, देवघरावरून गेलं आणि कपाटावर जाऊन बसलं. हे झाडू घेऊन स्टुलावर चढले. मालूताई खालून "मारू नका भाऊजी, जिवंत पाहिजे!" म्हणून ओरडत होती. खरं तर ते तिचे भाऊ, भाऊजी नव्हेत, पण घाबरल्यावर कोण नातं पाहतं. मला हसू फुटलं. अर्ध्या तोंडानं, डाव्या बाजूनं लाळ गळत, उजव्या बाजूनं पोट धरून मी हसत सुटले. आजार झाल्यापासून पहिल्यांदा.

हे स्टुलावरून माझ्याकडे बघत राहिले. आणि लगेच नजर काढून घेतली.

कबुतर दोन दिवस कपाटावर राहिलं आणि खिडकीतून आपोआप निघून गेलं. नवऱ्याची नजर मात्र काही परत येईना. मी पाहत होते. जेवायला ते माझ्या उजव्या हाताला बसायला लागले होते. आधी डाव्या हाताला बसायचे. बोलायचं झालं तर गॅसकडे बघून बोलायचे.

एका रविवारी मी ताट उचलून त्यांच्या समोर जाऊन बसले. "अहो, पाहा माझ्याकडे."

"पाहून तर राहिलो."

"इकडे. या बाजूनं."

त्यांनी पाहिलं. डोळे भरून आले त्यांचे. "तू रागावली का हसली, काहीच समजत नाही वंदना. वीस वर्षं तुझ्या तोंडाकडं पाहून घर चालवलं मी. आता मले कायचाच अंदाज येत नाही."

मला वाटलं होतं यांना किळस येते. तसं नव्हतं. मी तेव्हापासून तोंडानं सांगायला लागले. राग आला, आवडलं, कंटाळा आला, सगळं बोलून. आमच्या संसारात इतकं बोलणं आधी कधीच झालं नव्हतं.

गौरीचं अवघड होतं. ती एक दिवस दप्तर भरता भरता म्हणाली, "मम्मी, आप सोमवार से स्कूल मत आओ ना."

"काहून?"

"सब मेरेको देखते हैं. वो प्रिया आपकी नकल करती है."

मी पोळी लाटत होते. लाटतच राहिले. "प्रियाले सांग, नक्कल डाव्या बाजूची करायची. लोक उजवी करतात अन् चुकतात," एवढंच म्हटलं, आणि सोमवारी शाळेत गेले. डोळ्याला चिकटपट्टी लावून.

ही कबड्डी नाही

दवाखान्यात चेहऱ्याचे व्यायाम शिकवायला शबाना मॅडम होत्या, तिशीतल्या, शांत आवाजाच्या. त्यांनी आरसा दिला. नाक फेंदारायचं, ओठाचा कोपरा ओढायचा, डोळा मिटायचा, भुवई उचलायची, सगळं हळू आणि थोडं थोडं. बोटांनी गाल हलके चोळायचा.

मी खेळाची बाई. दहा सांगितले की शंभर करायचे, हेच मुलींना शिकवत आलेले. मी घरी दात आवळून जोर लावायची. चेहरा लाल होईस्तोवर. बाजारातून च्युइंगगम आणून तासन्‌तास चघळायची. तिसरा आठवडा संपत आला तरी डावा गाल आपला परक्याच्या घरी आल्यासारखा गप्प बसलेला. पहिल्या दिवशी केसभर हलणारा ओठही हलतोसा वाटेना.

शबाना मॅडमनी माझी पद्धत पाहिली आणि आरसा खाली ठेवला.

"मैडम, ये कबड्डी नहीं है. आप धक्का मार रही हैं. आप ज़ोर लगाती हैं तो अच्छी वाली साइड खींचती है, और ये वाली और दब जाती है."

"तो क्या बैठी रहूँ?"

"हाँ. थोड़ा बैठना भी इलाज है."

त्यांनी समजावलं. नस परत येते तेव्हा वाट चुकू शकते. ओठाकडे जाणारा धागा डोळ्याकडे जातो, मग हसलं की डोळा मिटतो. घाईनं, जोरानं सगळा चेहरा एकदम हलवला तर ती चुकीची सवय पक्की होते. हालचाल इतकी लहान हवी की दुसऱ्याला दिसू नये. कुणी यंत्रानं विजेचे झटके द्यायला सांगितलं तर आधी मला विचारा, असंही त्या म्हणाल्या. आमच्या कॉलोनीतल्या एकानं तेच यंत्र दुसऱ्या दिवशी आणून देणार म्हणून सांगितलं होतं.

मी घरी येऊन रडले. जोर लावायला मला कुणीही सांगितलं असतं तर मी तो लावला असता. सोडायचा कसा, ते येत नव्हतं.

दिवसातून तीनदा, पाच पाच मिनिटं. बाकीचा वेळ चेहऱ्याला त्याच्या जागी राहू द्यायचं. साखर मोजायची, भात मोजायचा, संध्याकाळी चालायचं. कंटाळवाणं काम होतं. मधुमेहाची गोळी आणि ज्वारीची भाकरी यांनी माझ्या नसेसाठी जेवढं केलं, तेवढं माझ्या त्या सगळ्या आवेशानं केलं नव्हतं.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी आरशासमोर बसले होते. गौरी शाळेतून आली, दप्तर टाकलं, माझ्याजवळ जमिनीवर बसली आणि आरशात माझ्याबरोबर नाक फेंदारायला लागली. दुसरा फेरा झाला. तिसऱ्याला ती एकदम ओरडली.

"मम्मी! हिला! नाक के बाजू में हिला!"

"खोटं नको बोलू."

"आई शप्पथ! फिर से करो!"

मी पुन्हा केलं. नाकपुडीच्या कडेला कातडीवर एक बारीक सुरकुती उठली आणि विझली. गौरीनं माझा डावा गाल दोन्ही हातांत धरला आणि त्यावर ओठ टेकले. ते मला जाणवत होतं, गालाला स्पर्श आधीपासूनच कळत होता. हलता येत नव्हतं एवढंच.

साहेबांची खोली

त्याच आठवड्यात कळलं, प्रशिक्षक बदलण्याचं ठरतं आहे. मी खेळ विभागाच्या कार्यालयात गेले. नव्या राज्याची कार्यालयं तेव्हा जुन्या इमारतींमध्ये कशीबशी बसवलेली होती. एका खोलीत तीन खाती, भिंतीला ओला चुना, खुर्च्या अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी पाणी मागवलं. मी ते प्यायले नाही, सांडलं असतं.

"मैडम, आप आराम कीजिए. पहली बार टीम जा रही है, राज्य की इज़्ज़त का सवाल है."

मी डाव्या ओठाला बोटाचा आधार दिला. तसं केलं की अक्षरं स्पष्ट येतात. "सर, टीम मेरे मुँह से नहीं, अपने पैरों से खेलेगी."

त्यांनी टेबलावरची यादी पुढे ओढली. मग म्हणाले, "आप सीटी कैसे बजाएँगी?"

"नहीं बजाऊँगी."

"कैंप में देखते हैं," ते म्हणाले. नकार नव्हता तो. मी उठले.

शिबिरात मी टाळीवर संघ चालवला. एक टाळी, दिशा बदल. दोन, खुंटाकडे. तीन, खो दे. कर्णधार होती फुलेश्वरी, उरल्याच्या एका मजुराची मुलगी, वाऱ्यासारखी पळणारी. माझ्या तोंडून तिचं नाव हुलेश्वरी असं निघायचं. पहिल्या दिवशी पोट्ट्या खुसखुसल्या. ती म्हणाली, "मैडम, हुलेश्वरी मोर दीदी के नाव हे. ओला घलो बला लव?" तिच्या बहिणीचं नाव खरंच हुलेश्वरी होतं, आणि तिलाही बोलावू का म्हणून ती विचारत होती. सगळं मैदान हसलं, मीही. त्यानंतर माझ्या चेहऱ्याकडे कुणी वेगळ्या नजरेनं पाहिल्याचं मला आठवत नाही.

साहेब शिबिराच्या शेवटच्या दिवशी आले. सराव पाहिला. तोंडी एकही सूचना त्यांना ऐकू आली नाही, मुली मात्र नुसत्या टाळीवर वळत होत्या, पळत होत्या, बसत होत्या. यादीवर सही करताना ते एवढंच म्हणाले, "ताली ज़ोर से बजाइएगा. वहाँ शोर बहुत होता है."

महाराष्ट्राच्या मातीत

स्पर्धा महाराष्ट्रात होती. खो-खोचं माहेरच ते. एकाच वेळी चार मैदानांवर सामने, शिट्ट्यांवर शिट्ट्या, शेजारच्या मैदानावरच्या शिट्टीनं मुली थबकायच्या. आमच्या थबकल्या नाहीत. त्यांचा कान टाळीवर होता.

पहिला सामना हरलो. दुसरा जिंकलो, तिसरा जिंकलो. आदल्या वर्षी पदक घेऊन गेलेल्या संघाला फुलेश्वरीनं शेवटच्या मिनिटात खुंटाशी असा गुंगारा दिला की त्यांच्या बाकावरच्या बाईंनीही कपाळाला हात लावून दाद दिली. आम्ही उपांत्यपूर्व फेरीत पोचलो. तिथे हरलो, एका गुणानं. राज्याचं नाव फलकावर तीन दिवस टिकलं.

जिंकल्याच्या दुपारी यजमान संघाच्या एका बाईंनी माझं बोलणं ऐकून विचारलं, "अहो, तुम्ही तर आपल्याच की! कुठल्या?"

"रायपूरच्या," मी म्हटलं. मधला प बोटाच्या आधाराशिवाय बाहेर आला. मला इतका आनंद झाला की मी पुन्हा एकदा, गरज नसताना म्हटलं, "रायपूर. छत्तीसगड."

जे राहिलं ते

पाचव्या महिन्यात शिटी वाजली. सहाव्यात डोळा पूर्ण मिटायला लागला. सगळं परत आलं असं मी म्हणणार नाही. जेवताना डाव्या डोळ्यातून अजून पाणी येतं, थकले की ओठाचा तो कोपरा आळसावतो, मनापासून हसले की डावा डोळा जरासा बारीक होतो. यांना तो आवडतो म्हणे. मधुमेह तर कायमचा घरी राहायला आलाय. त्याच्याशी रोज सकाळी बोलणं होतं.

बिसाहिन मला पुढच्या उन्हाळ्यात तपासणीला भेटली. तिचं तोंड थोडं ओढलेलंच राहिलं होतं. पण तिनं माझ्यासमोर दोन्ही डोळे मिटून दाखवले, घट्ट. "आँखी मुँदाथे अब, अउ का चाही बहिनी?" डोळा मिटतो आता, आणखी काय पाहिजे! तिच्या गावात कुणाचं तोंड वाकडं झालं की ती स्वतः त्याला त्याच दिवशी बसमध्ये बसवून देते, असं तिनं सांगितलं. माझ्यासाठी बडी मॅडमनी जे केलं, ते ती अख्ख्या गावासाठी करत होती.

शबाना मॅडम नवा रोगी आला की अधूनमधून मला बोलावतात. परवा बोलावलं. एका बँकेतला कारकून, पस्तिशीचा, कालच तोंड गेलेलं. रुमालानं चेहरा झाकून बसला होता. बायको शेजारी. मी त्याला डोळ्याचं सांगितलं, साखर तपासली का विचारलं, जोर लावू नको म्हटलं, वाट बघायला लागेल म्हटलं. तो मान हलवत होता, पण ऐकत नव्हता. मला ओळखीची होती ती मान.

"दीदी, आपको सच में हुआ था?" शेवटी त्यानं विचारलं. "कौन सी साइड?"

"तू सांग," मी मराठीत म्हटलं आणि त्याच्याकडे बघून हसले.

त्यानं रुमाल खाली केला. पुढे वाकला. माझं कपाळ पाहिलं, डोळे पाहिले, ओठांचे दोन्ही कोपरे नीट पाहिले. बायकोनंही पाहिलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि मग त्यानं बोट उचलून मोठ्या खात्रीनं माझा उजवा गाल दाखवला.